रेल्वे नसलेल्या गावचा रेल्वेवाला

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. त्या गाडीसाठी बीडकरांनी किती वर्षे निवेदने दिली, किती मोर्चे काढले आणि किती निवडणुकांत तेच आश्वासन पुन्हा पुन्हा ऐकले, याचा हिशेब आता कोणी मांडत बसणार नाही. गाडी आली, हार पडले, पेढे वाटले गेले. नोकरीच्या निमित्ताने मी बीडला साडेतीन वर्षे काढली आहेत. त्यामुळे इथे छत्रपती संभाजीनगरात टीव्हीसमोर बसून ती गर्दी पाहताना मलाही भरून आले. आणि त्याच वेळी मनात एक गमतीदार विचार येऊन गेला. बीडला रेल्वे आत्ता आली. पण बीडचा एक मुलगा तीस वर्षांपूर्वीच रेल्वेत जाऊन बसला होता. तिकीट काढून नव्हे, बॅट आणि चेंडू घेऊन.

त्याचे नाव संजय बांगर.

आजच्या मुलांना बांगर ठाऊक आहे तो हिंदी समालोचनातला, शांत आवाजात फलंदाजाच्या पायाची हालचाल समजावून सांगणारा माणूस म्हणून. त्यांच्या वडिलांना तो आठवतो तो विराट कोहली आणि रोहित शर्माच्या काळातला भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक म्हणून. आणि माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्यांना तो आठवतो तो लीड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर अंगावर चेंडू घेत उभा राहिलेला सलामीवीर म्हणून. तिन्ही चित्रांत माणूस एकच आहे, आणि तिन्हींत तो कोणाच्या तरी शेजारी उभा आहे. मला त्या शेजारी उभे राहण्याविषयीच लिहायचे आहे.

नोकरी आणि खेळ

११ ऑक्टोबर १९७२ चा बांगरचा जन्म, बीडचा. कुमार वयात तो महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडूनही खेळला. पण मोठ्या संघाचे दार उघडले नाही. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. त्या काळी मुंबईच्या रणजी संघात जागा मिळणे म्हणजे भर गर्दीच्या लोकलमध्ये खिडकी मिळण्यासारखे होते. १९९३-९४ आणि १९९४-९५, लागोपाठ दोन्ही वर्षे रणजी करंडक मुंबईचा होता. मराठवाड्याला तर स्वतःचा संघच नाही. विदर्भाची स्वतंत्र क्रिकेट संघटना आहे, रणजीचा संघ आहे, आणि २०१७-१८ पासून त्यांनी तीनदा करंडकही जिंकला. आमच्याकडच्या मुलाला मात्र खेळायचे तर पुण्याची वाट धरावी लागते, नाहीतर मुंबईची.

बांगरने तिसरी वाट धरली. तो रेल्वेत गेला. १९९३-९४ च्या मोसमात तो रेल्वेकडून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागला आणि शेवटपर्यंत रेल्वेचाच राहिला.

रेल्वेचा संघ ही आपल्या क्रिकेटमधली एक वेगळीच गोष्ट आहे. त्याला प्रांत नाही, भाषा नाही, घरचे प्रेक्षक नाहीत. देशभरातून आलेली, आपापल्या राज्याच्या संघात न मावलेली मुले तिथे एकत्र येतात. त्यांचे घरचे मैदान दिल्लीचे करनैलसिंग स्टेडियम. या मुलांना संघाबरोबर नोकरी मिळते, महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. आजच्या आयपीएलच्या लिलावात लाखांचे आणि कोटींचे आकडे ऐकणाऱ्यांना त्या पगाराचे मोल कळायचे नाही. मी उभी हयात बँकेत काढली, म्हणून मला कळते. आपले कितीतरी खेळाडू अशा नोकऱ्यांच्या आधारावर खेळले. भारताला वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकून देणारे अजित वाडेकर स्टेट बँकेत अधिकारी होते. घरचा तांदूळ-गव्हाचा प्रश्न मिटला की माणसाला चेंडूकडे नीट पाहता येते, ही साधी गोष्ट आहे.

मात्र नोकरी देणाऱ्या संघात नखरे चालत नाहीत. सलामीला जा म्हटले की जायचे, सातव्या क्रमांकावर या म्हटले की यायचे, आणि मधल्या वेळात पंधरा षटके मध्यमगती गोलंदाजी टाकायची. बांगरने हे सगळे केले. २०००-०१ मध्ये रेल्वे रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हरली. पुढच्याच वर्षी त्याच बडोद्याला हरवून तिने पहिल्यांदा करंडक जिंकला. मुंबई, कर्नाटक, दिल्लीच्या मिजाशी संघांना या नोकरदारांच्या संघाने घाम फोडला.

मोहालीतली दोन मराठवाडी पोरे

डिसेंबर २००१. इंग्लंडविरुद्ध मोहालीची कसोटी. त्या दिवशी भारताच्या तीन खेळाडूंनी कसोटी पदार्पण केले. एक केरळचा टिनू योहानन. दुसरा बीडचा संजय बांगर. आणि तिसरा आमच्याच शहराचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी. अकरा जणांच्या संघात दोन मराठवाड्याचे! आमच्या शाखेत त्या दिवशी काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे दुसरा विषय नव्हता. एका ग्राहकाने तर पासबुक भरायला देऊन ते परत न घेताच घर गाठले.

भारत तो सामना दहा गडी राखून जिंकला. शेवटी विजयाला फक्त पाच धावा हव्या होत्या, आणि सौरव गांगुलीने सलामीला कोणाला पाठवावे? इक्बाल सिद्दिकीला! गोलंदाज म्हणून आलेल्या पोराने कसोटीत सलामीला जायचे आणि विजयी धावा काढून यायचे, असा योग किती जणांच्या नशिबी येतो? पण नशिबाने दिलेले तेवढेच. इक्बालची ती पहिली कसोटी आणि तीच शेवटची. देशांतर्गत सामन्यांत त्याने तीनशेहून जास्त बळी घेतले, तरी पुन्हा बोलावणे आले नाही. आमखास मैदानावरून जाताना मला अजून वाटते, की या शहराने इक्बालची आठवण जरा जास्त ठेवायला हवी होती.

बांगरला पुढे संधी मिळाली. फेब्रुवारी २००२ मध्ये नागपुरात झिंबाब्वेविरुद्ध त्याने नाबाद १०० धावा केल्या. त्याच डावात सचिन तेंडुलकरच्या १७६ होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठा फोटो कोणाचा असेल, हे सांगायला नको.

लीड्सची दुपार

आता २२ ऑगस्ट २००२. इंग्लंडमधल्या मालिकेत भारत एका सामन्याने मागे होता. तिसरी कसोटी लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर. आभाळ भरलेले, खेळपट्टीवर हिरवळ. अशा वेळी शहाणा कर्णधार नाणेफेक जिंकून समोरच्याला फलंदाजीला बोलावतो. गांगुलीने स्वतःच फलंदाजी घेतली. आणि वीरेंद्र सेहवागच्या जोडीला सलामीला पाठवला संजय बांगर.

सेहवाग लवकर गेला, तेव्हा धावा होत्या १५. राहुल द्रविड आला. आणि मग सुरू झाले ते कसोटी क्रिकेटमधले सर्वांत कष्टाचे काम. हॉगार्ड, कॅडिक आणि फ्लिंटॉफ यांचे चेंडू कधी आत येत होते, कधी बाहेर जात होते, कधी लांबीवरून छातीपर्यंत उसळत होते. बांगर सोडण्यासारखा चेंडू सोडत होता, अडवण्यासारखा अडवत होता आणि न अडवता येणारा अंगावर घेत होता. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. बँकेतली रोजची कॅश जुळवून मी संध्याकाळी सिडकोतल्या घरी पोचलो. दाराबाहेर चपला काढता काढता मुलाला विचारले, "किती गेले रे?"

"एकच."

"बांगर?"

"आहे ना अजून!"

त्या 'अजून'मध्ये जे आश्चर्य होते, ते मी विसरलेलो नाही.

बांगरने २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या. द्रविडबरोबर दुसऱ्या गड्यासाठी १७० धावांची भागीदारी झाली. तोपर्यंत चेंडू जुना झाला, गोलंदाज थकले. मग द्रविडने १४८, तेंडुलकरने १९३ आणि गांगुलीने १२८ धावा केल्या. भारताने ८ बाद ६२८ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात बांगरने चेंडू हातात घेऊन दोन बळीही मिळवले. भारत एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला. इंग्लंडमध्ये कसोटी जिंकायला आपल्याला १९८६ नंतर सोळा वर्षे लागली होती.

तो सामना आज कोणाला विचारा. तीन शतकांची नावे तोंडपाठ असतात. 'तेंडुलकर, द्रविड, गांगुलीचे हेडिंग्ले' अशीच त्याची ओळख आहे, आणि ती खोटी नाही. पण इमारतीचा फोटो काढताना पाया दिसत नाही, म्हणून पाया नव्हताच असे होत नाही.

शिंप्याचे कर्ज

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण क्रिकेटपेक्षा वेगळे होते.

१९९१ ची गोष्ट. मी बीडच्या शाखेत अधिकारी होतो. एके दिवशी एक शिंपी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बस म्हटले तरी बसेना. त्याला चार हजार रुपये कर्ज हवे होते. कशाला, म्हणून विचारले तर म्हणाला, "पोरगं लई भारी बॉलिंग टाकतंय साहेब, डाव्या हातानं. मास्तर म्हनत्यात मुंबईला न्या. तिथं वरीसभर ठिवायचंय."

मी तेव्हा तिशीचा, नियमांची पुस्तके नुकतीच पाठ केलेला. मी त्याला समजावून सांगितले, की बँक शिलाई मशीनला कर्ज देते, म्हशीला देते, पिठाच्या गिरणीला देते. मुलाच्या बॉलिंगला देत नाही. तो मान हलवत राहिला. एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मी पुढे म्हणालो, "क्रिकेट हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. पोराला आयटीआयला घाला. आणि तुम्हाला दुसरी मशीन हवी असेल तर सांगा, अर्ज मी भरून देतो." त्याने खरोखरच मशीनसाठी अर्ज केला. कर्ज मंजूर झाले आणि एकही हप्ता न चुकवता त्याने ते फेडले. वसुलीच्या बैठकीत मी त्याचे उदाहरण देत असे.

लीड्सच्या त्या रात्री बीडचा मुलगा फ्लिंटॉफला खेळताना पाहिला आणि शिंप्याचा तो चेहरा समोर आला. 'आपल्यासारख्यांचे काम नव्हे', हे माझेच वाक्य माझ्या कानात वाजत राहिले.

न दिसणाऱ्या धावा

बांगरची कसोटी कारकीर्द फार लांबली नाही. २००२ च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये ओल्या, हिरव्या खेळपट्ट्यांवर आपली सगळीच फलंदाजी कोसळली, आणि त्यानंतर तो पुन्हा कसोटी खेळला नाही. बारा कसोटी, ४७० धावा, सात बळी. २००३ च्या विश्वचषकात तो संघात होता. भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण बांगरला एकाही सामन्यात मैदानावर उतरायला मिळाले नाही.

अशा वेळी माणसे कडवट होतात. बांगर रेल्वेत परत आला आणि पुन्हा कामाला लागला. २००४-०५ मध्ये रेल्वेने दुसऱ्यांदा रणजी जिंकली. रणजी करंडकात सहा हजारांहून जास्त धावा आणि दोनशेहून जास्त बळी अशी दुहेरी मजल त्याने मारली. त्याआधी ही कामगिरी विजय हजारे यांच्या नावावर होती. सांगलीचे हजारे आणि बीडचा बांगर! जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, तो निवृत्त झाला. तेव्हा प्रथम दर्जाचे १६५ सामने त्याच्या खात्यावर होते. वीस वर्षांच्या या नोकरीत भारतीय संघाच्या कसोटींची 'प्रतिनियुक्ती' जेमतेम वर्षभराची होती.

प्रशिक्षक म्हणून मात्र त्याची गाडी वेगाने निघाली. २०१४ मध्ये पंजाबचा संघ त्याच्या मार्गदर्शनाखाली आयपीएलच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्याच वर्षी भारत इंग्लंडमध्ये कसोटी मालिका १-३ अशी हरला. दहा डावांत विराट कोहलीच्या धावा झाल्या होत्या फक्त १३४. त्या पडझडीनंतर ऑगस्टमध्ये बांगरला भारतीय संघाबरोबर घेण्यात आले. पुढे आधी रवी शास्त्री, मग अनिल कुंबळे, मग पुन्हा शास्त्री असे वरचे साहेब बदलत गेले. बांगर पाच वर्षे राहिला. २०१६ मध्ये झिंबाब्वेच्या दौऱ्यावर मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारीही त्याने पार पाडली.

त्या पाच वर्षांत काय झाले? कोहलीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲडलेडला दोन्ही डावांत शतके काढली आणि २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींत ५९३ धावा केल्या. चेतेश्वर पुजाराने २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात तीन शतकांसह ५२१ धावा केल्या आणि भारताने तिथे पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. त्या मालिकेत पुजारा १२५८ चेंडू खेळला. त्याचे ते चेंडू सोडणे पाहताना मला लीड्सचे २३६ चेंडू आठवत होते. यात बांगरचा वाटा किती? ते मोजता येणार नाही. ज्याच्या हातात बॅट, धावा त्याच्याच. प्रशिक्षक सकाळी जाळीत शेकडो चेंडू फेकतो आणि संध्याकाळी टाळ्या वाजवतो.

बँकेतल्या भाषेत सांगायचे तर प्रशिक्षकाचे खाते मोठे विचित्र असते. जमेच्या बाजूला कधी आकडा पडत नाही, नावे मात्र ठळक शाईत पडते. जुलै २०१९ मध्ये मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडने आपल्यासमोर २४० चे लक्ष्य ठेवले. रोहित, राहुल आणि कोहली एकेक धाव काढून परतले. महेंद्रसिंह धोनी सातव्या क्रमांकावर का आला, चौथ्या क्रमांकाचा फलंदाज इतकी वर्षे का सापडला नाही, यावर देशभर चर्चा झडल्या. भारत १८ धावांनी हरला. त्याच स्पर्धेत रोहितने पाच शतके काढली होती, पण ती प्रशिक्षकाच्या खात्यात कोण जमा करतो? ऑगस्टमध्ये नेमणुका झाल्या. मुख्य प्रशिक्षक तेच राहिले, गोलंदाजीचे आणि क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षकही तेच राहिले. बदलला तो फक्त बांगर.

तो त्यावर भांडत बसला नाही. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये बेंगळुरूच्या आयपीएल संघाचा तो मुख्य प्रशिक्षक होता, नंतर पुन्हा पंजाबकडे गेला, समालोचन करू लागला. मिळाले त्या जागेवर नीट उभे राहायचे, ही रेल्वेतली सवय.

पुन्हा बीड

दोन वर्षांपूर्वी एका साहित्यिक कार्यक्रमासाठी मी बीडला गेलो होतो. सकाळी मोकळा वेळ होता, म्हणून पाय आपोआप त्या जुन्या गल्लीकडे वळले. शिंप्याचे दुकान जागेवर होते. शिंपी वारला होता. मशीनवर त्याचा मुलगा बसला होता, तोच, डाव्या हाताचा. आता केस पिकलेले. समोर टेनिस चेंडूच्या स्पर्धेसाठी शिवायला घेतलेले निळे टी-शर्ट रचलेले होते. मी ओळख सांगितली. त्याने चहा मागवला. बोलता बोलता मी धीर करून ती जुनी गोष्ट काढली. तो हसला.

"तुमी बरोबरच केलं व्हतं साहेब. बुडालं असतं ते कर्ज. आमी कशावरून फेडणार व्हतो?" मग सुईत दोरा ओवत म्हणाला, "पर बांगर खेळायचा तवा मी दुकान बंद ठिवायचो. बापाला म्हणायचो, बग, आपल्या गावचा हाय."

त्याचे म्हणणे खरे होते. कर्ज मी आजही देऊ शकलो नसतो. नियम नियमाच्या जागी होता. पण 'आपल्यासारख्यांचे काम नव्हे' हे वाक्य कुठल्याही नियमात लिहिलेले नव्हते. ते मी माझ्या पदरचे घातले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, दक्षिण आफ्रिकेत, भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. तेव्हा बीडच्याच सचिन धसने ९६ धावा काढून सामना फिरवला. त्या वेळी बीडमधल्या किती बापांनी आपल्या पोराकडे वळून पाहिले असेल! त्यातला प्रत्येक मुलगा सचिन धस होणार नाही, बांगरही होणार नाही. इक्बालसारखी एक कसोटी वाट्याला आली तरी खूप झाले. बरेचसे दुकानावरच बसतील. पण ते बसतील ते खेळून बघितल्यानंतर, एवढे तरी आपल्या हातात आहे.

बीडची गाडी आता सुरू झाली आहे. तिच्यातून कोणी कामाला जाईल, कोणी दवाखान्याला, कोणी परीक्षेला. एखाद्या डब्यात खिडकीशी क्रिकेटची लांबडी पिशवी घेऊन एखादा पोरगाही बसलेला असेल. त्याच्या शेजारी माझ्यासारखा कोणी शहाणा, पोक्त माणूस बसलाच, तर त्याने पोराला सरकून जागा द्यावी आणि फार सल्ला देऊ नये.